54 भाग एका स्वयंपाकिणीवर?

पत्र:

ताई, एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झालो. घरी मी, पत्नी, मुलगा आणि सून. दोन महिन्यांपासून सासू-सून रात्री ‘दे जांग गुम’ नावाची जुनी कोरियन ऐतिहासिक मालिका बघत बसतात. सूनबाईंची एकदा बघून झालेली आहे, तरी सासूबरोबर पुन्हा. हसतात काय, डोळे पुसतात काय! मी मध्ये डोकावलो, तर एकदा बायका भाजी चिरत होत्या आणि एकदा पाण्याचं भांडं इकडून तिकडे नेत होत्या. एक लढाई नाही. सगळ्यांचं आडनाव सांगगुंग. मी म्हणालो, ‘54 भाग एका स्वयंपाकिणीवर? इतिहासात हिच्याविषयी दहा ओळी नसतील.’ त्यावर पत्नी म्हणाली, ‘तुम्हाला नाही कळायचं.’ इतक्या वर्षांच्या संसारात असं ती कधी बोलली नव्हती. रात्रीचं जेवणही आता साडेनऊला. या मालिकेत एवढं आहे तरी काय? आणि मी काय करावं?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर:

सर, नमस्कार.

जेवणाचं आधी मिटवून टाकू. आमटी-भाजी संध्याकाळीच झालेली असते, पोळ्या डब्यात असतात. आमटी गॅसवर ठेवून स्वतःचं ताट वाढून घ्यायला बी.एड. लागत नाही. साडेआठला जेवा, ताट घासायला टाका आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसा.

आता मालिका. तुम्ही तक्रार चुकीच्या ठिकाणी आणलीत, कारण मी त्या सासू-सुनेच्याच पंगतीतली आहे. पुढे कथेतल्या काही गोष्टी सांगणार आहे. पत्नी कुठवर आल्या आहेत ते मला माहीत नाही, त्यामुळे हे कात्रण चष्म्याच्या डबीत ठेवा, टीपॉयवर नको.

सांगगुंग हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे. तुमच्या शाळेत पाटीलबाई, जोशीबाई असतात, तशा तिथे हान सांगगुंग आणि च्वे सांगगुंग. लहानपणी राजवाड्यात दाखल झालेली मुलगी वर्षानुवर्षं उमेदवारी करते, मग तिला राजसेविका म्हणून मान्यता मिळते, आणि त्यानंतरही बरीच वर्षं घासल्यावर ती सांगगुंग होते. राजाची नजर पडून राणीवशात गेली नाही, तर नोकरीत यापेक्षा वरचा दर्जा बाईला नव्हता. ही पायरी-पायरीची उतरंड एकदा डोक्यात बसली, की कोण कुणापुढे किती वाकतं, कोण कुणाच्या मागून चालतं, यातही कथा दिसायला लागते. मालिकेच्या चाहत्यांना हे वाचायची सवय झालेली असते. तुम्ही मधूनच डोकावलात, म्हणून तुम्हाला नुसती भाजी दिसली.

तुम्हाला दिसलेलं ते पाण्याचं भांडं तर सगळ्या मालिकेची किल्ली आहे. मालिकेची नायिका, आई गमावलेली छोटी जांगगुम, राजवाड्याच्या स्वयंपाकघरात नुकतीच आलेली असते. तिला हान सांगगुंगच्या हाताखाली देतात. या बाई मोजकं बोलणाऱ्या. त्या सांगतात, प्यायला पाणी आण. पोरगी आणते. बाई म्हणतात, उद्या पुन्हा आण. गरम पाणी आणून होतं, गार आणून होतं. काय चुकतंय ते बाई सांगत नाहीत. पोरगी रडकुंडीला येते. शेवटी तिला आपल्या आईची सवय आठवते आणि ती पाणी आणण्याऐवजी प्रश्न विचारते: पोटात दुखतंय का? पोट साफ झालं का? घसा धरलाय का? बाई सांगतात, घसा जरा दुखतो. मग ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून आणते आणि सांगते, एकदम पिऊ नका, घोट-घोट घ्या. तेव्हा कुठे हान बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. समोरच्याची प्रकृती विचारून दिलं, तर साधं पाणीही अन्न होतं, हा तिचा पहिला धडा. पुढे ही मुलगी वैद्यक शिकते, तेव्हा आपल्याला कळतं की ती वैद्य त्या पाण्याच्या भांड्यापाशीच झाली होती. लेखिका किम यंग-ह्यन यांनी बी इतक्या लवकर पेरून ठेवलंय, आणि दुसऱ्यांदा बघणाऱ्या सूनबाईंना तेच बघायचं असतं.

दुसरा एक प्रसंग कोरियात आजही लोक गमतीत एकमेकांना ऐकवतात. स्वयंपाकघराच्या प्रमुख जंग सांगगुंग मुलींना मांसाचा एक पदार्थ चाखायला देतात आणि विचारतात, गोडी कशाची आहे? कुणी साखर म्हणतं, कुणी मध. जांगगुम म्हणते, पिकून मऊ झालेल्या पर्सिमन फळाची. कशावरून, असं बाई विचारतात, आणि पोरगी गोंधळते. घास चावताना पर्सिमनची चव लागली म्हणून पर्सिमन म्हटलं, आता ‘कशावरून’ म्हणजे काय सांगू? बाई खो-खो हसतात. जिभेला कळलेली गोष्ट डोकं लढवून ओळखायला सांगणारी मीच खुळी, असं कबूल करतात. प्रमुखपदी बसलेली बाई सगळ्यांसमोर एका पोरीपुढे हे कबूल करते! तुम्ही जन्मभर वर्गात उभे राहिलात, सर. या प्रसंगाची किंमत तुम्हाला मी काय सांगणार?

माझं मत स्पष्ट सांगते. चाहते या मालिकेत राजा बघायला बसत नाहीत, आणि प्रेमकथा बघायलाही नाही. एखादं काम मन लावून शिकणारं माणूस, ते शिकवणारी गुरू आणि त्या कामाला मिळणारा मान बघायला ते बसतात. इथे भात किती मऊ शिजला यावर पदं ठरतात, लोणच्याच्या बरणीत काय बिघडलं यावर राजवाडा हलतो. रोज दोन वेळा होणारी आणि कुणी दखल न घेणारी गोष्ट इथे राज्यकारभाराइतकी मोठी होऊन बसते. आणि अशी मालिका बघत असलेल्या बाईला, जिने तुम्हाला इतकी वर्षं रांधून वाढलं तिला, तुम्ही म्हणालात, ‘54 भाग एका स्वयंपाकिणीवर?’ त्यांचं उत्तर मला तरी सौम्यच वाटलं.

तुम्ही इतिहासाचे शिक्षक आहात, तेव्हा त्या दहा ओळींकडे येऊ. तुमचा अंदाज बरोबर आहे. कोरियाच्या जोसोन राजवटीच्या इतिवृत्तांत जांगगुमचा उल्लेख जेमतेम दहाएक ठिकाणी येतो. पण ही इतिवृत्तं काय चीज आहे ते ऐका. पहिल्या राजापासून पंचविसाव्यापर्यंत, 1392 ते 1863, म्हणजे 472 वर्षांची नोंद, 1893 खंडांत. 1997 मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतिठेव्यात घेतली. इतिहासलेखक दरबारात बसून रोजची टिपणं करत. राजाचं इतिवृत्त त्याच्या मृत्यूनंतर तयार होई, आणि गादीवरच्या राजाला ती टिपणं वाचायची परवानगी नसे. 1404 मध्ये राजा थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला. उठल्या उठल्या म्हणाला, हे इतिहासलेखकाला कळू देऊ नका. इतिहासलेखकाने राजा पडला हेही लिहिलं आणि कळू देऊ नका म्हणाला हेही लिहिलं! आपल्या बखरी बऱ्याचशा घटनेनंतर कित्येक वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेल्या. तुमच्यासारख्या माणसाला हे वाचून थोडा हेवा वाटेल. मला वाटतो.

तर अशा कडक दप्तरात, बायकांची नावं सहसा नोंदलीच जात नाहीत अशा काळात, एका वैद्यक-सेविकेचं नाव पुन्हा पुन्हा येतं. 1515 मध्ये राजा जुंगजोंगची राणी बाळंतपणानंतर वारली, तेव्हा जांगगुमला शिक्षा करा म्हणून अधिकारी मागे लागले. 1524 मध्ये राजाने आदेश दिला की दे जांगगुमचं वैद्यकीय ज्ञान इतर जणींपेक्षा सरस आहे, तिला पूर्ण वेतन द्या. ‘दे’ म्हणजे थोर. आणि 1544 मध्ये, शेवटच्या आजारात, विचारपूस करणाऱ्या अधिकाऱ्यांना राजा सांगतो की माझ्या दुखण्याचं त्या वैद्य बाईला ठाऊक आहे. त्याच वर्षी राजा गेला, आणि त्यानंतर जांगगुमचं काय झालं याची नोंद नाही. शिक्षेच्या मागणीपासून राजाच्या विश्वासापर्यंत सुमारे तीस वर्षं, आणि मधली बहुतेक जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत 54 भाग लिहिले गेले. कोऱ्या जागेत कल्पनेने शिरायचं आणि नोंदीच्या खुंट्यांना धक्का लावायचा नाही, हे कसब बघायलाही चाहत्यांना मजा येते. कोरियन भाषेत ऐतिहासिक मालिकेला सागुक म्हणतात. दिग्दर्शक ली ब्यंग-हून यांचा त्यात हातखंडा. याआधी 1999-2000 मध्ये त्यांनी जोसोन काळातल्याच हो जुन या वैद्यावर मालिका केली होती.

चुका काढायच्याच असतील तर मी तुम्हाला दारूगोळा पुरवते. जांगगुम आधी स्वयंपाकघरात होती याला इतिवृत्तात आधार नाही. तिथे ती फक्त वैद्यक-सेविका आहे. राजवाड्यात रांधणाऱ्यांत पुरुष आचारी मोठ्या संख्येने असत. 1605 च्या एका मेजवानीचं प्रसिद्ध चित्र आहे, त्यात चुलीपुढे पुरुषच दिसतात. मालिकेने ते सगळं राज्य बायकांच्या हाती दिलं, जांगगुमचा गमत्या मानलेला बाप तेवढा आचारी ठेवला. मात्र वैद्यक-सेविकांची माहिती खरी. पुरुष वैद्याला अंग दाखवण्यापेक्षा बायका मरण पत्करत, म्हणून 1406 मध्ये खालच्या, गुलाम वर्गातल्या मुलींना वैद्यक शिकवायला सुरुवात झाली. काम नाडी बघण्याचं आणि दर्जा दासीचा. जांगगुमची चढण किती उभी होती ते यावरून कळेल.

आणि एक गंमत. आजचं लालभडक किमची, म्हणजे कोरियन आंबवलेलं लोणचं, जुंगजोंग राजाने पाहिलेलं नव्हतं. मिरची कोरियात त्याच शतकाच्या अखेरीस पोहोचली असं साधारण मानतात. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने त्याच शतकात आली. म्हणजे जांगगुमच्या तरुणपणी सांगलीच्या ठेच्यातही मिरची नव्हती. हे पत्नीला सांगा, त्यांना नक्की आवडेल. पण भाग संपल्यावर.

ताटांची मांडणी मात्र हवेतली नाही. शेवटच्या काळात राजवाड्याच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या हान ही-सुन या बाईंकडून ह्वांग हे-संग या अभ्यासक बाईंनी ती पाककला शिकून, लिहून काढली. 1971 मध्ये सरकारने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. ह्वांग बाईंची मुलगी हान बोक-र्यो यांच्या देखरेखीखाली मालिकेतले पदार्थ तयार झाले. राजाच्या थाळीत बारा तोंडीलावणी, आधी चाखून बघणारी वेगळी सेविका, विषाच्या धाकाने चांदीची भांडी-चमचे. सूनबाई मध्येच थांबवून पडद्यावर बोट दाखवत असतील, तर ते यासाठी.

कारस्थानं भरपूर आहेत. च्वे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघराचं प्रमुखपद आपल्याकडे राखलेलं असतं आणि ते टिकवायला त्या घराण्यातल्या बायका कुठल्याही थराला जातात. पण त्या घराण्यातली गुमयंग बघा. जांगगुमच्याच वयाची, तितकीच हुशार, स्वतःच्या हातच्या चवीवर जिंकायची इच्छा असलेली. घराणं तिला तसं जिंकू देत नाही. हळूहळू ती वाईट होत जाते आणि प्रत्येक पायरीवर आपल्याला वाटतं, आता तरी मागे फिर. अर्धे चाहते तिच्या बाजूने भांडतात. आपल्या मालिकांतली खलनायिका पहिल्या भागातच भुवई उंचावून येते, त्यापेक्षा हे किती बरं.

प्रेमही आहे, पण कसं? मिन जंगहो हा अधिकारी तिच्यासाठी पद, मान, सगळं पणाला लावतो, आणि भागच्या भाग दोघं एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून बोलत उभे असतात. हानबोकला, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाला, लावायचं एक लटकन, त्याला नोरिगे म्हणतात, एवढ्यावर त्यांची अर्धी कथा चालते. सासरे खोलीत आले तरी रिमोट शोधावा लागत नाही. इराणच्या सरकारी वाहिनीवर ही मालिका प्रचंड गाजली, श्रीलंकेत घरोघरी बघितली गेली, हाँगकाँगने डोक्यावर घेतली. त्यामागे हेही एक कारण असावं. तीन पिढ्या एका सोफ्यावर बसू शकतात. आपल्याकडे दूरदर्शनने ती 2006 च्या सुमारास हिंदीत दाखवली होती. तेव्हा महाराष्ट्रात फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, कदाचित तुमचंही.

सगळंच छान आहे असंही नाही. मधले काही भाग पाण्यासारखे पातळ झालेत. जांगगुमवर आळ येतो, ती सुटते, पुन्हा आळ येतो. तिसऱ्या वेळी मीसुद्धा उठून कपडे वाळत घातले. राजा तर बहुतेक वेळ जेवतो किंवा आजारी असतो. आणि तुम्ही म्हणता तशी लढाई नाही हेही खरं नाही: कोरियाच्या जेजू बेटावर जपानी चाचे येतात. तो भाग लागेल तेव्हा आत वर्तमानपत्र वाचत बसू नका.

आता काय करायचं ते. आज रात्री जाऊन बसा आणि पहिले काही दिवस गप्प राहा. ‘असं नव्हतं हो त्या काळी’ हे वाक्य ओठांवर आलं तर पाणी प्या. समजलं नाही तर विचारा, पण खरोखरचं विचारा: ही कुणाची माणूस, ही त्या बाईवर का चिडली? परीक्षक असतो तसे प्रश्न नकोत. सूनबाईंना सांगायला फार आवडेल. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला नवा श्रोता मिळण्यासारखं सुख नाही. पडद्यावरच्या भाषांतराच्या ओळी वाचता-वाचता चेहरे निसटत असतील तर एका कागदावर नावं आणि हुद्दे लिहून जवळ ठेवा. तक्ते करण्यात तुमचा हात बसलेला आहे. तो कागद दोन दिवसांत पत्नीही मागून घेतील, बघा.

इतिवृत्ताच्या गोष्टी एकेक करून, भाग संपल्यावर, झोपायच्या आधी सांगा. घोड्यावरून पडलेला राजा आधी सांगा. 1524 चा आदेश राखून ठेवा. जांगगुम वैद्यक शिकायला लागली की काढा. तो ऐकून पत्नी पुन्हा टीव्ही लावायला सांगतील.

आणि जमलं तर एखाद्या दिवशी जेवताना विचारा, आज आमटीत वेगळं काय घातलंय? चव ओळखता आली तर स्वतःच सांगा. चुकलात तरी चालेल, पर्सिमन मात्र म्हणू नका.

बसायची सुरुवात जिथे त्या आहेत तिथूनच करा. पहिल्या भागापासून एकट्याने बघून बरोबरी करायच्या फंदात पडू नका, त्यात परीक्षेच्या तयारीचा वास येतो. एक मात्र सांभाळा. स्वयंपाकघराचा भाग संपत आला की हान सांगगुंगवर मोठं संकट येतं, आणि जांगगुमला जेजूच्या वाटेवर गुरूला पाठुंगळीला घेऊन चालावं लागतं. पुढचं मी इथेही लिहीत नाही. त्या रात्री फोन आत ठेवा, जेवणाचं नाव काढू नका आणि दिवे लगेच लावू नका. पत्नींना तिथे काय येणार आहे याची कल्पना नसणार. सूनबाईंनी दोन महिने ते पोटात ठेवलंय. तुमच्या तोंडून आधी निघालं, तर मला पुढचं पत्र सूनबाईंचं येईल, आणि मी तिचीच बाजू घेईन.